जोडीचा पिंपळ

कारकुनांच्या घराण्यात करवत आणणारा मी पहिला. आजोबा गोदीत कारकून, वडील विमा कंपनीत, काका कोर्टात. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत खिशाला शाईचे डाग पडलेले शर्ट पिढ्यान्‌पिढ्या वाळत आले, आणि मी मात्र संध्याकाळी घरी यायचो तो केसांत भुसा, खरचटलेली कोपरं आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की वडील "वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे" इथपर्यंत सांगत. त्यापुढचं सांगायची वेळ आली की त्यांना हमखास खोकला यायचा.

मी झाडांची छाटणी करतो. करायचो म्हणायला हवं, कारण गेल्या वर्षापासून उजव्या गुडघ्याने संप पुकारलाय आणि मी आता खालूनच बोट दाखवतो. कॉलेजात असताना दादरच्या काही गिर्यारोहक मित्रांबरोबर सह्याद्रीतले सुळके चढायचं वेड होतं. दोर कसा टाकायचा, अंगाला कसा बांधायचा, हात सुटले तरी लटकून कसं राहायचं हे तिथे शिकलो. त्याच गाठी पुढे वर्षावृक्षांवर आणि पिंपळांवर बांधून पोट भरेन असं तेव्हा वाटलं नव्हतं. "झाड तोडणारा" म्हणून माझी ओळख कुणी करून दिली की अजूनही माझं डोकं फिरतं. तोडायला कुऱ्हाड आणि एक दुपार पुरते. झाड पुढची पन्नास वर्षं उभं राहावं म्हणून यंदा त्याची कुठली फांदी काढायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे ठरवणं म्हणजे छाटणी.

ती कशी करतात ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. फांदी खोडातून निघते तिथे एक फुगीर वळी असते, गुटगुटीत बाळाच्या मनगटाला असते तशी. झाडाचा दवाखाना त्या वळीत असतो. वळीला धक्का न लावता, तिच्या जेमतेम बाहेर कापलं तर झाड कडेकडेने साल आणत घाव बंद करतं. खोडाला घासून, वळीसकट कापलं तर घाव उघडाच राहतो. लांब खुंट ठेवला तर खुंट कुजतो आणि कुज आत शिरते. घावावर डांबर, रंग, शेण यांतलं काहीही फासायचं नाही. माणसाची जखम भरून येते, तिथे नवं मांस धरतं. झाडाला ती सोय नाही. ते जखमी भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्याच्यावरून वाढत राहतं. त्याला आयुष्यात झालेला एकूण एक घाव मरेपर्यंत त्याच्या पोटात असतो. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर झाडांचे शेंडे सरसकट उडवून, नुसते सोटे उभे करून जाणारी माणसं दिसली की माझं त्या दिवशी जेवणात लक्ष लागत नाही.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. पहिल्या प्रकाराला झाड नको असतं, पण तसं म्हणायची लाज वाटते. दादरचे एक गृहस्थ होते. त्यांच्या दारातल्या सोनमोहराची पिवळी फुलं त्यांच्या नव्या गाडीवर पडायची. फुलं येतील पण पडणार नाहीत अशी छाटणी करून द्या, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. मी गाडीला झबलं शिवा म्हणालो. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. लालबागचं एक मंडळ मूर्तीची उंची ठरली की मला फोन करायचं, कारण मिरवणुकीच्या वाटेवर मुकुट फांद्यांत अडकायचा. सुरुवातीला आगमनाच्या आदल्या दिवशी बोलवायचे आणि दिसेल ते उडवा म्हणायचे. त्यांच्याशी मी दोन-चार वर्षं भांडलो. आता तीच पोरं उन्हाळ्यातच येतात, वर बघून कुठली फांदी न कापता दोराने बाजूला ओढून धरता येईल यावर माझ्याशी वाद घालतात, आणि कधी कधी त्यांचं बरोबरही असतं.

दुसरा प्रकार झाडाला हात लावू न देणाऱ्यांचा. हे मला जास्त जड जातात, कारण त्यांचं झाडावर खरंच प्रेम असतं. अशा एका पिंपळाची ही गोष्ट आहे.

परळच्या एका जुन्या चाळीतून मिलिंद नावाच्या माणसाचा फोन आला तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. मिलिंद चाळीच्या समितीचा सेक्रेटरी. समोरच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये हिशेबनीस म्हणून कामाला. चाळीच्या अंगणात पिंपळ आहे, त्याच्या शेजारी आमचं छोटं विहार आहे, असं त्याने सांगितलं. गेल्या पावसात एक जाड फांदी मोडून विहाराच्या पत्र्यावर पडली. भर दुपार होती, आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी बजावलं होतं की पुढच्या पावसाच्या आत झाडाचा भार शास्त्रशुद्ध कमी करून घ्या, नाहीतर धोकादायक म्हणून ते बुंध्यापासून काढावं लागेल.

"मग कमी करून घेऊ. अडचण काय आहे?" मी विचारलं.

"अडचण म्हणजे आमची काकू," मिलिंद म्हणाला.

मी झाड बघायला गेलो. कमरेएवढ्या उंचीवर त्याचे दोन भाग झालेले, दोन्ही सारख्याच जाडीचे, एकमेकांना चिकटून सरळ वर गेलेले. परक्या माणसाला ते फार देखणं वाटलं असतं. अशा दुबेळक्यात दोन्ही खोडांची साल मध्ये चेपली जाते, लाकूड लाकडाला धरतच नाही, आणि दोघं जसजशी जाड होतात तसतशी एकमेकांना ढकलू लागतात. मी बेचक्याखालच्या फटीत एक बारीक सळई घातली. ती माझ्या कल्पनेपेक्षा बरीच आत गेली. विहाराच्या बाजूचं खोड वर जाऊन विहाराकडे कललेलं होतं आणि कधीतरी ते जाणार होतं, जाताना दुसऱ्याला उभं चिरून जाणार होतं. बुंध्याभोवती कोटा लादीचा सुंदर कट्टा बांधला होता, इतका प्रेमाने आणि इतका घट्ट की झाडाची मान त्यात आवळली गेली होती. पण एक गोष्ट बघून मी मनातल्या मनात हात जोडले. एवढ्या मोठ्या झाडाला कुठेही एक खिळा नव्हता. पताका होत्या त्या सुती दोऱ्याने बांधलेल्या. मुंबईत असं झाड मी क्वचितच पाहिलंय.

मिलिंदची काकू म्हणजे कमलताई. परळच्याच एका मोठ्या इस्पितळात जन्मभर नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, पांढरंशुभ्र लुगडं, जाड भिंगांचा चष्मा आणि वॉर्डातली शिस्त अजून अंगात. दुसऱ्या मजल्यावर, विहाराच्या अंगाला, गॅलरीच्या टोकाला त्यांची खोली. चाळीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, आणि पिंपळाच्या बाबतीत तर नाहीच, कारण तो त्यांच्या यजमानांनी लावला होता. गिरणीच्या भिंतीतल्या फटीत उगवलेलं रोप ते डालड्याच्या डब्यातून घेऊन आले आणि विहाराची पहिली वीट बसली त्या दिवशी अंगणात लावलं. पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी बकरीने त्याचा शेंडा खाल्ला. सगळी चाळ हळहळली. थोड्या दिवसांनी खाल्लेल्या जागी एकाऐवजी दोन कोंब आले, तेव्हा चाळीला कोण आनंद झाला. जोडी आली, जोडी आली म्हणून बायकांनी लाह्या वाटल्या. तेव्हापासून प्रथाच पडली. चाळीत लग्न झालं की नवं जोडपं विहारात वंदना करून पिंपळाला पाणी घालणार, एका खोडाला त्याने, एका खोडाला तिने, आणि मग बेचक्याशी उभं राहून फोटो. विहाराच्या बाजूचं खोड नवऱ्याचं, चाळीच्या बाजूचं बायकोचं. चाळीतल्या एकूण एक घरात भिंतीवर तो फोटो होता.

बोधिवृक्षाला लोखंड लावायचं नाही, हा नियमही कमलताईंच्या यजमानांचाच. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. गिरणी बंद पडली त्यानंतर फार जगले नाहीत.

कमलताईंनी मला चहा दिला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, साहेब. ते सगळं मागं टाकून आलो आम्ही. पण यांनी शेवटच्या आजारपणात माझ्याकडून शब्द घेतला होता. त्याला लोखंड लागू देऊ नको म्हणाले. शब्द पाळणं ही काय अंधश्रद्धा नाही ना?"

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आणि कापायचं म्हणता ते कुठलं?"

खोटं बोलता आलं असतं, पण दोन्ही खोडं त्यांच्या गॅलरीसमोरच उभी होती. विहाराच्या बाजूचं, असं मी सांगितलं. पूर्ण काढायचं नाही, एकदम काढलं तर मधोमध एवढा मोठा घाव होईल की उरलेलं झाडही आतून कुजेल. दरवर्षी थोडं थोडं, तीन वर्षं, त्याची उंची आणि भार उतरवत न्यायचा, म्हणजे दुसरं खोड पुढे होईल आणि हे त्याची फांदी होऊन राहील.

"म्हणजे यांचीच बाजू," त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या. त्या दिवशी परत बाहेर आल्या नाहीत.

पुढचे आठवडे चाळीत नुसत्या बैठका झाल्या. कुणी म्हणालं खाली लोखंडी खांबांचा टेकू द्या. कुणी म्हणालं दोन्ही खोडांना जाड पट्टा आवळा. पट्टा आवळला की गळफास बसतो हे मी समजावलं. कमलताईंनी पट्टाही लोखंडाचाच असतो एवढंच सांगून तो विषय संपवला. इकडे पिंपळाची पानं गळायला लागली होती. झाड उघडं झालं आणि नवी पालवी फुटायची राहिली, हीच वेळ छाटणीला चांगली. ती हुकली की उन्हाळाभर नुसतं बघत बसायचं आणि मग पाऊस. पाऊस आला की झाडच जाणार होतं, एकतर आपण होऊन नाहीतर कुऱ्हाडीने. हे मिलिंदला माझ्याइतकंच कळत होतं आणि त्याची झोप उडाली होती.

एके दिवशी त्याने मला टॉवरखालच्या चहाच्या टपरीवर गाठलं. काकू शीवला मुलीकडे चार दिवस राहायला जाणार आहे, तेवढ्यात उरकून टाकू, असं त्याचं म्हणणं. आल्यावर आकांत करेल, पण झाड तर वाचेल. खरं सांगतो, मला मोह झाला. उद्यान खात्याची परवानगी त्याने काढून ठेवली होती, माझे दोर तयार होते, आणि त्या बेचक्यातली फट मला डोळे मिटले की दिसायची.

तरीही मी नाही म्हणालो. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, धंद्याचा हिशेब होता. हे काम एका दिवसाचं असतं तर कदाचित हो म्हणालो असतो. पण मला त्या झाडाजवळ पुढच्या वर्षी यायचं होतं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पहिल्या वर्षी चोरून कापलं असतं तर दुसऱ्या वर्षी अंगणात कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं, आणि अर्धवट छाटलेलं झाड न छाटलेल्यापेक्षा वाईट. मिलिंद चिडला. "तुमची तत्त्वं आणि आमचं विहार," असं काहीतरी पुटपुटत अर्धा चहा टाकून निघून गेला. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी पुन्हा चाळीत गेलो ते खरं म्हणजे निरोप घ्यायला. कमलताई शीवहून परत आल्या होत्या. गॅलरीत स्टुलावर बसून पिंपळाकडे बघत होत्या. पिंपळावर आता बोटावर मोजण्याइतकी पानं उरली होती. मला त्यांनी बसायला सांगितलं.

"वर्षावासात, पावसाचे तीन महिने, विहारात प्रवचनं होतात," त्या म्हणाल्या. "दरवर्षी ऐकते मी. सम्राटाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली. मागे राहिलेलं झाड पुढे लोकांनी तोडलं, जाळलं. आणि आज तिथे जे उभं आहे ते त्या समुद्रापार नेलेल्या फांदीच्या वंशातलं. इतकी वर्षं ऐकते, पण परवा शीवला पडल्या पडल्या डोक्यात आलं. फांदी कापली म्हणून झाड राहिलं की."

अशा वेळी आपली अक्कल मध्ये घालू नये इतपत वयाने शिकवलंय.

"पण सम्राटाने शस्त्र नाही लावलं म्हणतात. नुसती रेघ ओढली, आणि फांदी आपली आपण सुटली. आता ती कथा झाली. तुम्ही काय करता? कापायच्या आधी रेघ ओढता?"

"ओढतो, ताई. खडूने. कुठे कापायचं ते चुकू नये म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग ती रेघ मी ओढणार. लोखंड तुमचं, रेघ माझी. म्हणजे शब्द मोडला तर तो मी मोडला. दुसऱ्या कुणाच्या माथी यायला नको."

मी मान हलवली.

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर काम सुरू केलं. विहार रिकामं केलं होतं. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती आणि एरवी ज्या चाळीत एका वेळी चार टीव्ही चालू असतात तिथे चिडीचूप होतं. खाली दोर धरायला माझा जुना जोडीदार सदा होता, लालबागचा मालवणी. माझ्या खालोखाल त्या झाडाची काळजी त्यालाच होती, फक्त तो ती शिव्यांतून दाखवायचा. "वायच मागे सरा रे मेल्यांनो, डोक्यार पडात," म्हणत त्याने अंगण मोकळं केलं.

कललेल्या खोडाची एक जाड फांदी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाशी हात पोचेल इतक्या जवळ खोडातून निघत होती. पहिली तीच काढायची होती. मी दोरावर लटकत तिथवर गेलो आणि वळी कुठे आहे ते कमलताईंना बोटाने दाखवलं. मिलिंदने त्यांना मागून धरलं. त्यांनी कठड्यावरून वाकून फांदीवर आधी नुसता तळवा ठेवला. वॉर्डात पेशंटचा ताप बघताना ठेवत असतील तसा. मग खडूची रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मी ती पुसली नाही. वळीच्या बाहेर होती, तेवढं मला पुरलं.

आधी त्या रेघेच्या जरा पुढे खालून थोडं कापतात, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलत नेत नाही. मग त्याच्या पुढे वरून कापून भार उतरवायचा. आणि उरलेला खुंट शेवटी रेघेवर. सदाने दोराला बुंध्याभोवती वेढे देऊन फांदी अशी सोडली की ती हमालाच्या पाठीवरून धान्याचं पोतं उतरावं तशी सावकाश जमिनीला टेकली. आवाज झाला नाही. बायका पुढे आल्या आणि तिच्या टोकाला नुकत्या दिसू लागलेल्या लाल कोंबांना हात लावून मागे झाल्या. दुपारपर्यंत मी वरचा बराच भार उतरवला. कमलताई जागच्या हलल्या नाहीत.

झाडावरून उतरून मी गॅलरीत गेलो तेव्हा कमलताई पहिल्या घावाकडे बघत होत्या.

"पट्टी नाही करायची?"

"नाही, ताई. उघडाच ठेवायचा. वारा लागू द्यायचा."

"आणि भरून यायला किती दिवस?"

दिवस नाहीत, वर्षं लागतील, असं मी सांगितलं. एवढ्या रुंद घावाला बरीच.

"मी असेन का बघायला?"

त्यांच्या वयाचा आणि घावाच्या रुंदीचा अंदाज मला होता. "नाही, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "वॉर्डात इतकं सरळ सांगणारे डॉक्टर थोडेच भेटले." मग त्यांनी विचारलं की हे सगळं टाळायचं असतं तर कधी, काय करायला हवं होतं. मी हे सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण त्यांनी विचारलं होतं. पहिल्याच वर्षी, बकरीने शेंडा खाल्ल्यावर दोन कोंब आले तेव्हा, त्यातला एक नुसत्या नखाने खुडला असता तरी पुरलं असतं, असं मी म्हणालो. लोखंडाचा प्रश्नच आला नसता.

कमलताईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "तेव्हा मीच पाणी घालायचे," त्या म्हणाल्या. "दोन कोंब पहिल्यांदा मीच पाहिले. धावत जाऊन यांना सांगितलं होतं मी."

त्या उतरवलेल्या फांदीचे बोटभर जाडीचे तुकडे त्यांनी मागून घेतले आणि मी ते कुंड्यांत लावून दिले. एक सोडून सगळे वाळले. तो एक त्यांनी गॅलरीत, आपल्या दाराशी ठेवला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा रेघ त्यांनीच ओढली, गॅलरीत थोडं पुढे सरकून, मिलिंदच्या आधाराने. कट्ट्याच्या लाद्याही त्याच वर्षी बुंध्याभोवतीच्या काढून टाकल्या. ज्यांनी वर्गणी काढून त्या बसवल्या होत्या त्यांनीच छिन्नी हातात घेतली. तिसऱ्या वर्षी कमलताईंना खुर्चीतून उठवेना. त्यांनी खडू मिलिंदच्या हातात दिला. चिडून अर्धा चहा टाकून गेलेला तो माणूस रेघ ओढताना मला दोनदा विचारत होता, इथेच ना, नक्की इथेच ना.

त्या पावसाळ्यात एका दुपारी असा वारा सुटला की परळमध्ये ठिकठिकाणी झाडं आडवी झाली. पलीकडच्या गल्लीत दर वर्षी शेंडे उडवलेला एक मोठा वर्षावृक्ष उभ्या गाड्यांवर पडला. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी मिलिंदने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्याच्या खाली एक शब्दही लिहिला नव्हता. पिंपळ पावसात गदागदा हलत होता, आणि उभा होता. मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही, बायको अजून चिडवते.

थंडीत चाळीत लग्न निघालं. नवं जोडपं बेचक्याशी फोटोला उभं राहिलं. आता एक खोड वर गेलेलं आणि दुसरं त्याच्या खांद्याएवढंच. "आता खरी जोडी दिसते, नवरा बुटका," गॅलरीतून कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांत मोठ्याने कमलताई हसल्या.

गेल्या वर्षी गुडघ्यामुळे मी काम थांबवलं तेव्हा हे एक झाड शेवटचं बघून घ्यावं म्हणून गेलो. पहिला घाव अजून उघडा होता, पण चहूबाजूंनी सालीची गोलसर कड आत सरकत आली होती. वर गेलो. जिने चढताना मी आणि माझा गुडघा दोघंही कण्हत होतो. कमलताई गॅलरीत खुर्चीत बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. ऐकू कमी येत होतं. मला त्यांनी ओळखलं, भाऊ या म्हणाल्या.

कुंडीतलं रोप गुडघ्याएवढं झालं होतं. काही दिवसांपूर्वी कावळ्याने त्याचा शेंडा मोडला होता आणि मोडलेल्या जागी दोन कोंब आले होते, लालसर, चमकदार, एकाच उंचीचे. शेजारच्या खोल्यांतल्या बायका बघायला जमल्या होत्या. "काकू, जोडी आली बघ," मिलिंदने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. एकीने फोटोसुद्धा काढला होता.

कमलताईंनी मला जवळ बोलावलं आणि यातला सरळ कुठला ते विचारलं. मी दाखवला. त्यांनी मिलिंदला कुंडी उचलून मांडीशी धरायला लावली. मग हात पुढे केला, दुसऱ्या कोंबाला दोन बोटांत धरलं, आणि अंगठ्याच्या नखाने तो खुडला. बायकांपैकी कुणीतरी हळूच "अगं" म्हणालं.

खुडलेल्या जागी पांढरा चीक आला. त्यांनी तो टिपायला पदर उचलला, पण हात मध्येच थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"उघडंच ठेवायचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, ताई. उघडंच."